जुना लिनक्स संगणक पुन्हा पुन्हा मंद होतोय? परत इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आगेमागे आमच्या ठाण्यात, खाडीपलीकडे ऐरोली-वाशीत, बऱ्याच घरांतल्या जुन्या मशीनवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले, ठणठणीत चालणारे डेस्कटॉप-लॅपटॉप रातोरात निकालात निघाले. त्यावर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं की सुरुवातीचे काही आठवडे सगळे खूश असतात. मग फोन येतो: "अरे, परत स्लो झालाय रे. परत एकदा लिनक्स टाकून दे ना."

टाकून दिलं तर फरक पडतो, पण थोडेच दिवस. नव्या इन्स्टॉलमध्ये ब्राउझर कोरा असतो, डिस्क बरीचशी मोकळी असते, आणि फाइल्स डिस्कच्या वेगळ्या भागावर लिहिल्या जातात. म्हणून दुखणं झाकलं जातं, जात नाही. मशीन मंद आहे याचा अर्थ बहुतेक वेळा प्रोसेसर कशाची तरी वाट बघत बसलाय: डिस्कची, मोकळ्या रॅमची, नाहीतर स्वतः गार होण्याची. ती वाट कसली आहे ते कळेपर्यंत डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलू नका आणि पैसेही खर्च करू नका.

(खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायची.)

आधी लक्षणं नीट बघा

"स्लो आहे" ही तक्रार मी ऐकून घेतो आणि लगेच विचारतो, कधी? उत्तरावरून निम्मं काम होतं.

- चालू व्हायला चार-पाच मिनिटं, डिस्कचा दिवा सतत पेटलेला, पण एकदा सगळं उघडलं की बरं चालतं: जुनी फिरती हार्ड डिस्क.
- मध्येच वीस-तीस सेकंद सगळं गोठतं, मग काही झालंच नाही असं पुढे चालू: डिस्क किंवा तिची केबल मरायला टेकली असण्याची दाट शक्यता. असं असेल तर बाकीचं वाचण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा.
- सकाळी झकास, अर्ध्या तासाने पंखा किंचाळतो आणि माऊससुद्धा अडखळतो: उष्णता.
- ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की मशीन अडकतं, ते बंद केले की सुटतं: रॅम.
- फक्त यूट्यूब अडखळतं, बाकी ठीक: व्हिडिओचा प्रकार. हार्डवेअरला हात लावायची गरज नाही.
- कायमच, सगळंच, अगदी कॅल्क्युलेटरसुद्धा हळू: प्रोसेसरचा वेग अडकलाय, किंवा दोनपैकी एक रॅमची पट्टी दिसतच नाहीये.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी डिस्क भरली आहे का बघा. फाइल मॅनेजरमध्ये खालच्या पट्टीत मोकळी जागा दिसते. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते, त्यामुळे थोडी जागा उरलेली दिसत असतानाही तुम्हाला "डिस्क भरली" असा निरोप येऊ शकतो. डाउनलोड्स फोल्डर आणि कचरापेटी हे नेहमीचे गुन्हेगार. टाइमशिफ्ट (सिस्टिमची जुनी स्थिती जपून ठेवणारं साधन) घरच्याच डिस्कवर ढीगभर स्नॅपशॉट साठवत असेल तर तेही कमी करा. दोन-तीन पुरेत.

मग टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून टॉप ही आज्ञा द्या आणि मशीन अडखळत असतानाच तिसऱ्या ओळीकडे बघा. तिथे "डब्ल्यूए" अक्षरांशेजारी एक आकडा असतो. प्रोसेसर रिकामा असूनही डिस्कच्या उत्तरासाठी किती टक्के वेळ ताटकळला, ते हा आकडा सांगतो. हा सगळ्या कोअरवरचा सरासरी आकडा असतो, म्हणून चार कोअरच्या मशीनवर २५ दिसला तर समजा की एक अख्खा कोअर डिस्कच्या नावाने बसून आहे. माझ्या दृष्टीने जुन्या मशीनवर याच्याइतकी कामाची दुसरी तपासणी नाही. आकडा सतत मोठा असेल तर दुखणं डिस्कचं किंवा स्वॅपचं (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा). शून्याजवळ असेल आणि तरी मशीन रडत असेल तर उष्णता, वेग किंवा ब्राउझरकडे वळा.

डिस्क की स्वॅप, ते फ्री या आज्ञेने कळतं. इथे जवळजवळ सगळे फसतात. "फ्री" रकान्यात चारशे एमबी दिसले की लोक घाबरतात. पण लिनक्स मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइल्स तिच्यात ठेवतं आणि गरज पडली की लगेच जागा सोडतं. बघायचा रकाना "अव्हेलेबल" हा. तिथला आकडा बऱ्यापैकी मोठा असेल तर रॅम पुरेशी आहे, नवीन घेऊ नका. तो तळाला आणि स्वॅप भरत चाललेला असेल तर मशीन रॅमचं काम डिस्ककडून करून घेतंय, आणि फिरत्या डिस्कवर ते काम म्हणजे भरल्या लोकलमध्ये शिरताना उतरणाऱ्यांशी झुंज. दोघेही अडकतात.

त्याच आज्ञेत "टोटल" बघायला विसरू नका. मशीन चार जीबीचं आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि तिथे दोनच्या आसपास दिसतंय? मग एक पट्टी मशीनला दिसत नाहीये. पावसाळा संपता संपता मला ही तक्रार सर्रास भेटते, विशेषतः खाडीलगतच्या विटावा, ऐरोली, कोपरखैरणे पट्ट्यात, जिथे हवा महिनोन्‌महिने दमट असते आणि मशीन खिडकीखाली ठेवलेलं असतं. रॅमच्या सोनेरी टोकांवर थर चढतो, संपर्क तुटतो. उपाय शाळकरी पोरांच्या दप्तरात आहे: मशीन बंद, प्लग काढलेला, लॅपटॉप असेल तर बॅटरीही वेगळी, हात एकदा उघड्या धातूला लावून घ्यायचा, मग पट्टी काढून टोकं पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसायची, भुसा झटकायचा आणि दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवायची. एकात्मिक ग्राफिक्स (वेगळं कार्ड नसलेलं) थोडी रॅम स्वतःसाठी राखतं, त्यामुळे "टोटल" चारऐवजी साडेतीनच्या वर दिसत असेल तर ते ठीक.

डिस्कची तब्येत

क्रमाने बघितलं तर हार्डवेअर नंतर यायला हवं. पण ही तपासणी फुकट आहे आणि तुमचे फोटो, सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट पणाला असतात, म्हणून मी ती वर घेतो.

मिंट आणि उबुंटूत "डिस्क्स" नावाचं साधन असतं. डिस्क निवडा आणि कोपऱ्यातल्या मेनूतून स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, उघडा. वर "डिस्क ठीक आहे" असं लिहिलेलं असलं तरी त्यावर भिस्त ठेवू नका. खाली उतरून तीन ओळी वाचा: क्रमांक ५, म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे). १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लांबलेले. १९८, म्हणजे दुरुस्त न झालेले. कच्चा आकडा तिन्हीकडे शून्य असेल तर निर्धास्त राहा. १९७ मध्ये आकडा आहे आणि पुढच्या आठवड्यात तो वाढलाय, तर डिस्कचे दिवस भरले. मध्येच गोठण्याचं कारणही हेच: न वाचता येणारा एक सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तोवर बाकी सगळे रांगेत उभे.

१९९ ही ओळ मात्र वेगळी आहे. ती वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक असते आणि साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब असते. डेस्कटॉपमध्ये केबल बदलणं हे सगळ्यात स्वस्त हार्डवेअर काम, आणि त्याने बरी झालेली मशीन मी अनेकदा परत दिली आहेत. १९९ चा जुना आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, तो फक्त वाढायचा थांबला पाहिजे. शंका उरलीच तर डीमेसेज (अक्षरं: डी-एम-ई-एस-जी) ही आज्ञा पुढे सुडो लावून, म्हणजे मुख्य खात्याच्या हक्काने, द्या आणि त्यात "आय/ओ एरर" किंवा "लिंक रीसेट" असे शब्द शोधा.

ब्राउझर

खरं सांगायचं तर जुन्या मशीनवर लिनक्स क्वचितच जड असतं, जड असतात वेबसाइट. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी अबाउट:प्रोसेसेस टाइप करा. कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेंशन किती रॅम खातंय, नावानिशी दिसतं. अबाउट:अनलोड्स या पानावरून न बघितलेले टॅब रॅममधून उतरवता येतात, टॅब जागेवरच राहतो. क्रोममध्ये यासाठी मेमरी सेव्हर आहे. एक चांगला जाहिरातरोधक टाकला तर चार जीबीच्या मशीनवर फरक डोळ्यांना दिसतो. बाकी एक्स्टेंशन काढून टाका, कूपन शोधणारी तर आधी.

उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅप या जड पॅकेजच्या स्वरूपात येतो आणि फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना जांभया देतो. मिंटमध्ये तो साध्या पॅकेजमधून येतो. मी जुन्या मशीनसाठी मिंट निवडतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता यूट्यूबचं. यूट्यूब शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या बहुतेक चिपमध्ये व्हीपी९ उलगडणारं पूर्ण हार्डवेअर नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ मात्र त्यांना सोपं जातं. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन यूट्यूबला तोच प्रकार पाठवायला लावतं. ते टाका, दर्जा ७२०पी ठेवा. शाळेचे व्हिडिओ बघण्यापुरता घेतलेला जुना लॅपटॉप एवढ्यावरही सुटतो.

सुरुवातीचे प्रोग्रॅम आणि रॅमची तडजोड

मेनूतून "स्टार्टअप अॅप्लिकेशन्स" उघडा. प्रिंटर नाही तर प्रिंटरचा छोटा प्रोग्रॅम, ब्लूटूथ नाही तर ब्लूटूथ, मिंटचा स्वागत पडदा, क्लाउड सिंक: नको ते बंद. जे कळत नाही त्याला हात लावू नका. चालू व्हायला वेळ लागत असेल तर सिस्टमडी-अॅनलाइज ब्लेम ही आज्ञा कुठल्या सेवेने किती सेकंद घेतले ते सांगते. पण तिची यादी जशीच्या तशी खरी मानू नका. बऱ्याच सेवा एकाच वेळी चालतात, सगळ्यात वरची सेवा मशीनला अडवून बसली असेलच असं नाही.

स्वॅपीनेस (स्वॅप किती लवकर वापरायचं ते ठरवणारा आकडा) ६० वरून १० करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. रॅम खरोखरच कमी असेल तर त्याने माझ्या अनुभवात फारसं साधत नाही. दोन ते चार जीबीच्या मशीनवर झेडरॅम जास्त उपयोगी. ते रॅमच्याच एका भागात डेटा दाबून ठेवतं, त्यामुळे डिस्ककडे धाव कमी होते. फेडोरामध्ये हे २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून आपोआप असतं, उबुंटू-मिंटमध्ये झेडरॅम-टूल्स पॅकेज टाकावं लागतं. आणि मशीन पूर्ण गोठून बटण दाबूनच बंद करावं लागत असेल तर अर्लीओओएम टाका. रॅम संपत आली की ते सगळ्यात जड प्रोग्रॅम बंद करतं. टॅब गेला तर गेला, मशीन हातात राहतं.

धूळ, उष्णता, चार्जर

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना मेट्रोच्या कामाची धूळ वेगळी सांगायला नको. त्यात स्वयंपाकघराचा तेलकट वाफारा आणि देवघराशेजारी ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये उदबत्तीचा धूर मिसळला की पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. एलएम-सेन्सर्स पॅकेज टाकून सेन्सर्स ही आज्ञा द्या. साधं काम करताना ५०-६० अंश ठीक. जरा भार पडला की ९० च्या पुढे जात असेल तर प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, जीव वाचवतंय.

डेस्कटॉप असेल तर प्लग काढा, कॅबिनेट बाल्कनीत न्या, ब्लोअर मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्थिर विजेचा धोका असतो. पाच-सात वर्षांची थर्मल पेस्ट बहुधा सुकून खडखडीत झालेली असते. डेस्कटॉपवर ती बदलणं जमण्यासारखं आहे: जुनी पूर्ण पुसायची, नवी तुरीच्या डाळीएवढी पुरते. लॅपटॉप उघडायचा अनुभव नसेल तर दुकानात द्या. पातळ रिबन केबल एकदा तुटली की स्वस्तातलं काम महागात जातं.

उष्णता नाही, डब्ल्यूए शून्य, रॅम मोकळी, आणि तरी लॅपटॉप कायम संथ? प्रोसेसरचा चालू वेग कॅट /प्रोक/सीपीयूइन्फो या आज्ञेत "सीपीयू एमएचझेड" ओळीवर बघा. तो भार असतानाही ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास चिकटून बसला असेल तर चार्जर संशयित. काही लॅपटॉप ओळखीचा चार्जर सापडला नाही तर वेग मुद्दाम कमी ठेवतात, आणि स्टेशनबाहेर मिळणारा "तसाच" चार्जर त्यांना ओळखीचा वाटत नाही. शेजाऱ्याकडून मूळ चार्जर तासभर मागून आणा, खातरजमा होईल.

आता पैसे

वरचं सगळं झालं आणि फिरती डिस्क असेल तर खर्च एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर) करा, आधी रॅमवर नको. फिरत्या डिस्कला प्रत्येक विखुरलेल्या वाचनासाठी काटा हलवावा लागतो, सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा. साध्या साटा एसएसडीला हे हजारोंनी जमतं. जुन्या बोर्डवर साटा २ असेल तर वेग सेकंदाला तीनशे एमबीच्या आत अडतो, म्हणून दुकानदार "तुमच्या मशीनला उपयोग नाही" म्हणेल. उपयोग आहे, कारण रोजच्या वापरात छोटी-छोटी वाचनंच जास्त असतात. २४० किंवा २५६ जीबी घरगुती कामाला पुरते. लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही, ठाणे स्टेशनजवळ आणि वाशीला सेक्टर १७ मध्ये सहज मिळते. बिल आणि वॉरंटी घ्या.

इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आसपासच्या लॅपटॉपना डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ बसते, पण मशीन चालूच होत नाही किंवा मध्येच बंद पडतं. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. आणि आठ जीबीची एक घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन लावल्या तर एकात्मिक ग्राफिक्सला फायदा होतो.

डिस्ट्रो बदलणं इथे, शेवटी. मिंटला किमान दोन आणि सोयीने चार जीबी रॅम लागते. चार जीबीला त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, दोनला एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स किंवा अँटीएक्स. मशीन खरोखर ३२-बिट असेल तर थांबा. डेबियन १३ ने, ऑगस्ट २०२५ मध्ये, ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडलं. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका. मात्र आधी एलएससीपीयू बघा, कित्येकदा प्रोसेसर ६४-बिट असतो आणि वर कुणीतरी ३२-बिट टाकून ठेवलेलं असतं.

इथे हात काढा

डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्याचा आवाज येतोय आणि आत बॅकअप नसलेली माहिती आहे: मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून "एकदा बघू" म्हणू नका. हे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचं नाही.

लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, तळ डगमगतोय, झाकण नीट बसत नाही: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, अधिकृत सेवा केंद्रात न्या.

डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो. बोर्डवरचे उभे कॅपॅसिटर वरून फुगलेले किंवा तपकिरी पाझरलेले दिसले, खोडरबर लावूनही रॅम दिसत नसेल, किंवा पावसाचं पाणी आत गेलं असेल, तरी घरगुती उपाय संपले. अंदाज विचारा. दुरुस्ती वापरलेल्या चांगल्या मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत जात असेल तर मी नको म्हणतो.

दुकानात देताना डिस्क काढून घरी ठेवता आली तर उत्तम. नाहीतर कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा: काय लक्षण आहे, काय तपासून झालं, आणि ठळक अक्षरांत, "फॉरमॅट करू नये, विंडोज टाकू नये." शेवटची ओळ तोंडी सांगून भागत नाही.